दरीत शिरण्याआधी द्यायची हाक

जागेचं नाव मी लिहिणार नाही. रियाधहून तबूककडे जाताना तैमा गाव मागे टाकलं की पुढे कुठेतरी ती दरी आहे, एवढं पुरे. नाव विचारणारे फोन मला आधीच येऊन गेलेत आणि मी ते ठेवून दिलेत. गेल्या काही वर्षांत या देशात एखादी देखणी वादी (ओढ्याने कोरलेली दरी) कुणाच्या नजरेला पडली, की आठवड्याभरात तिच्यात ड्रोन घुमतो, ढणढण संगीत लावून त्याचा व्हिडिओ फिरतो, आणि पुढच्या शुक्रवारी तिथे गाड्यांची रांग लागते. मग प्लॅस्टिकचे पेले, कोळशाची राख आणि कड्यावर रंगाने लिहिलेली नावं. मला या सगळ्याचा संताप येतो. या वर्षी ज्यांचा संताप येतो त्यांच्यात माझाही नंबर लागला, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे माझा स्वभाव कळेल. मी मूळचा बाणकोट खाडीकाठचा. रियाधच्या अल सुलै भागात गोदामांचं एक मोठं यार्ड आहे, तिथे मी सेफ्टी ऑफिसर आहे. यार्डात मला इक्बाल परकार म्हणून कुणी हाक मारत नाही, सगळे 'ममनू' म्हणतात. ममनू म्हणजे मनाई. हेल्मेटशिवाय आत येणं ममनू, फोर्कलिफ्टवर दोघांनी बसणं ममनू, रॅकच्या सावलीत झोपणं ममनू. गोदामांच्या छतांची पाहणी ड्रोनने करायचं ठरलं, तेव्हा ते शिक्षण आणि तो परवाना माझ्याच गळ्यात पडला. उडवण्याआधी काय काय तपासायचं याची सतरा ओळींची यादी मी स्वतः लिहिली, तिला प्लॅस्टिकचं आवरण घातलं, आणि ती माझ्या खिशात कायम असते.

आता दाऊदचाचा. आमच्याच गावचे. एकतीस वर्षं त्यांनी या देशात ट्रेलर चालवला, त्यातली निम्मी रियाध-तबूक रस्त्यावर. त्या दरीच्या तोंडाजवळ एक पेट्रोल पंप आहे. तिथे ते नमाजला आणि चहाला थांबायचे. टपरीवाला दरवेळी सांगायचा, आत कड्याखाली ऐन (झरा) आहे, दगडाच्या फटीतून खजुरीची झाडं उगवलीत, पाणी बारा महिने वाहतं. पण पाठीमागे माल, खिशात कफीलचा (ज्याच्या नावावर परदेशी माणूस इथे राहतो त्या मालकाचा) फोन. आत जाऊन पाहायचं राहिलं ते राहिलंच. यंदा त्यांचं खुरूज (कायमचं परत जाणं) ठरलं, ईदनंतरच्या आठवड्याचं तिकीट आलं, आणि तोवर दोन्ही गुडघे संपले होते.

"मना दुसरां काय नको इक्बाल," ते म्हणाले, "ती दरी येकदा बघायची हाय. मंग खुशाल जातो."

या गुडघ्यांमुळेच आमची डॉक्टर खांबेट्यांशी ओळख झाली होती. ते हुफूफला एका रुग्णालयात हाडांचे डॉक्टर आहेत. चाचा एकदा तिथे माल उतरवताना पडले, समोर मराठी बोलणारा डॉक्टर भेटला, आणि तेव्हापासून दर ईदला त्यांच्याकडून खजुराचा डबा येतो. डॉक्टर माणूस सोन्यासारखा, पण हातात नवीन वस्तू आली की लहान मूल. त्यांनी नुकताच ड्रोन घेतला होता.

"चाचा, दगडगोट्यांतून चालणं तुम्हाला जमणार नाही," डॉक्टर फोनवर म्हणाले. "पण तुम्ही गाडीत बसा, आम्ही दरी तुमच्या मांडीवर आणून ठेवतो. स्क्रीनवर."

चाचांचे डोळे चमकले ते मी पाहिले, आणि तिथेच फसलो. ठीक आहे म्हटलं, पण रीतसर. अर्ज केला, जागा कळवली, तारीख आणि दोन तासांची वेळ कळवली, बरेच दिवस वाट पाहिल्यावर परवानगी आली. ड्रोन डॉक्टरांचा, कागद माझ्या नावावर. म्हणजे काही बिघडलं तर इकामा (निवासाचं ओळखपत्र) नंबर माझा लागणार आणि परवानाही माझाच जाणार. डॉक्टरांना हा सगळा खटाटोप हास्यास्पद वाटत होता.

"अहो परकार, त्या दरीत कोण बघतंय?"

हे वाक्य मी यार्डात रोज ऐकतो. ज्याचं बोट यंत्रात गेलं त्यानेही आधी हेच म्हटलेलं असतं.

ईदच्या दुसऱ्या दिवशी फज्रची (पहाटेची) नमाज झाल्यावर आम्ही अल सुलैहून निघालो. गाडी आदल्या रात्री हुफूफहून आलेल्या डॉक्टरांची, चालवत मी, कारण डॉक्टर गाडी चालवताना मागे वळून बोलतात. चाचा पुढे पाय लांब करून बसलेले आणि माझ्या प्रत्येक ओव्हरटेकला 'च्च' करत होते. बुरैदापर्यंत शेतं दिसत राहिली, मग ती विरळ होत गेली, आणि हाइलच्या अलीकडे लांबवर डोंगर उभे राहिले तेव्हा चाचा एकेका वळणाची ओळख सांगू लागले. इथे टायर फुटला होता. इथे वाळूच्या वादळात रात्रभर थांबलो होतो. या पंपावरचा पाकिस्तानी वजूला (नमाजआधी हातपाय धुवायला) गरम पाणी द्यायचा. एका माणसाचं आयुष्य रस्त्याच्या कडेला सांडलेलं होतं आणि तो ते वेचत चालला होता.

हाइलला जेवायला थांबलो. जमिनीवर पसरलेल्या प्लॅस्टिकच्या सुफऱ्यावर (जेवणाच्या अंथरीवर) कब्सा (मसालेदार भात) आला, वर भाजलेलं कोकरू, बाजूला टोमॅटोची झणझणीत चटणी. वाढणारा पोरगा लखनौकडचा होता. डॉक्टरांची पेटी पाहून म्हणाला, "साब, ड्रोन है क्या? ऊपर से हमारा भी एक फोटो खींचो ना!"

डॉक्टरांनी लगेच पेटीचं कुलूप उघडलं.

"ममनू," मी म्हटलं. "विमानतळ जवळ आहे. आणि आपली परवानगी इथली नाही."

"एक मिनिट हो!"

"अर्धाही नाही."

पोरगा हिरमुसला, डॉक्टर फुगले, चाचा शांतपणे हाड चोखत राहिले. मी मात्र जेवण होईपर्यंत धुमसत होतो. माणसं उंचीवरून पडायला मिनिट लागत नाही, पण सूट मागताना मात्र सगळ्यांना एकच मिनिट हवं असतं.

हाइलच्या पुढे मी गाडीत डॉक्टरांचा वर्ग घेतला. ते रुसले असले तरी ऐकत होते.

"मोकळ्या मैदानात ड्रोनला डोक्यावर भरपूर उपग्रह दिसतात. त्यावरून आपण कुठे आहोत ते त्याला कळतं. खोल दरीत आकाशाची एक चिंधी उरते. उपग्रह दिसेनासे झाले की वारा नेईल तिकडे तो सरकतो."

"मग परत बोलवायचं बटण आहे ना?"

"त्या बटणानेच जास्त मोडतात. सिग्नल तुटला की ड्रोन आधी सरळ वर चढतो आणि मग माघारी फिरतो. वर कड्याचा दगड पुढे आलेला असला, की आपटलाच. म्हणून दरीत त्याला आधी सांगून ठेवायचं, सिग्नल तुटला तर आहेस तिथे थांब. शिवाय आपल्याला दिसत नाही तिथे, म्हणजे वळणामागे, न्यायचा नाही. दुपारचा वारा सुटायच्या आत उडवायचा. अर्धी बॅटरी उरली की परत. आणि माणसांच्या डोक्यावर कधीही नाही."

"तुम्ही घरी बिछान्यावर पडतानापण यादी वाचता का हो?" डॉक्टरांनी विचारलं. चाचा खदखदून हसले. मला हसू आलं नाही.

मुक्काम तैमाबाहेरच्या इस्तिराहात (भाड्याच्या विश्रांतिघरात) केला. सकाळी निघताना एक गोष्ट घडली, ती तेव्हा क्षुल्लक वाटली. ड्रोन धुळीतून उडवला तर मोटरमध्ये रेती जाते. त्यासाठी यार्डात आम्ही ॲल्युमिनियमची मोठी थाळी उपडी घालतो आणि तिच्यावरून उडवतो. ती थाळी मी बरोबर घेतली होती. डॉक्टरांनी न्याहारीला तिच्यात कलिंगड कापलं आणि ती तिथेच धुवायला टाकून आले. दीड तास पुढे आल्यावर हे उघडकीला आलं. मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. ते माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत आणि सर्जन आहेत, एवढं मी त्या वेळी विसरलो होतो.

डांबरी रस्ता सोडून गाडी वाळूत उतरली आणि अर्ध्या तासाने दरीचं तोंड समोर आलं. तांबड्या वाळूदगडाचे दोन कडे, मान दुखेपर्यंत वर गेलेले, आणि मधून बोटभर पाण्याचा ओहळ. बोरूचं गवत, दोन-चार खजुरी, आणि आतून येणारी गार हवा. तोंडापासून दरी सरळ आत जात होती आणि दूरवर एका वळणाशी अंधारत होती. चाचांनी काच खाली केली आणि नुसते बघत राहिले.

तोंडाशी एक जुनी पिकअप उभी होती. तिच्या सावलीत पन्नाशीचा एक माणूस कॉफीची दल्ला (लांब चोचीची किटली) घेऊन बसला होता. नाव अबू नायेफ. आतली खजुरी आणि बकऱ्या त्याच्या. सलाम झाला, कडू कॉफीचे तीन पेले झाले, त्याने चाचांसाठी पेला गाडीपर्यंत नेऊन दिला. मग डॉक्टरांनी पेटी काढली आणि त्याचा चेहरा उतरला.

तो पिकअपकडे गेला आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आला. आत ड्रोनची मोडकी पाती, तुटके पाय, एक फुटलेला कॅमेरा. सगळं या एका दरीतून वेचलेलं.

"यातलं एक पातं माझ्या बकरीच्या पोटातून निघालं," तो म्हणाला. "मेल्यावर."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. माझ्यासारखा चिडलेला माणूस मला प्रथमच भेटत होता. मी माझा कागद काढला, खिशातली यादी काढली, आणि माझ्या यार्डातल्या मोडक्यातोडक्या अरबीत एकेक ओळ समजावली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कागद चांगला आहे," तो म्हणाला. "पण एक सांग. आम्ही आत जाताना वळणाच्या आधी ओरडतो, दर्ब! दर्ब! (वाट, वाट द्या.) कारण आत कुणाच्या घरच्या बायका असतील, पाण्यात पाय सोडून बसल्या असतील. त्यांना सावरायला वेळ मिळतो. तुझं हे यंत्र दर्ब म्हणतं का?"

मी म्हटलं, म्हणत नाही.

"तुझ्या सतरा ओळींत हे आहे का?"

ते नव्हतं. मी घाईने सांगितलं की आम्ही माणसांवरून उडवत नाही. त्याने गाडीतल्या चाचांकडे पाहिलं. म्हाताऱ्याला झरा पाहायचा आहे हे मी त्याला सांगितलेलं होतं.

"वळणापर्यंत," तो शेवटी म्हणाला. "झरा वळणाच्या अलीकडेच, कड्याखाली आहे. पलीकडे माझी आई बकऱ्या घेऊन बसली आहे. पलीकडे नाही."

"वल्लाह, पलीकडे नाही," मी शब्द दिला.

थाळी नव्हती. अबू नायेफने त्याची कॉफीची थाळी रिकामी करून दिली, मी ती वाळूत उपडी घातली आणि तिच्यावर ड्रोन ठेवला. यादी वाचली. बॅटरी, पाती, उपग्रह, वारा, सिग्नल तुटल्यास जागीच थांबणे. सगळं ठीक. मग रिमोटला लावलेल्या माझ्या फोनवर होकायंत्राची पिवळी सूचना आली. ही सूचना अल सुलैच्या यार्डात दिवसातून दहादा येते. चारी बाजूंना लोखंडी रॅक, लोखंडी शेड, कंटेनर. आम्ही ती बोटाने बाजूला सारतो, थोडं वर गेलं की सगळं आपोआप ठीक होतं. तिथेही माझं बोट आपोआप फिरलं. सूचना गेली. डॉक्टर शेजारी उभे होते, त्यांनी विचारलंदेखील, "ते काय होतं हो?"

"काही नाही, नेहमीचं आहे," मी म्हटलं. मी. ममनू परकार.

डॉक्टरांच्या टॅबलेटवर चित्र दिसत होतं आणि तो टॅबलेट चाचांच्या मांडीवर होता. ड्रोन दरीत शिरला. चाचा मोठमोठ्याने सांगू लागले, "गवत दिसतंय... पानी दिसतंय... अगं बया, त्या बघ, कड्यात खजुरी!" त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. वळण जवळ आलं आणि मी ड्रोन थांबवला.

तो थांबला नाही. एका जागी उभा राहण्याऐवजी तो गोल फिरू लागला, आधी लहान, मग मोठ्या फेऱ्यांत. मी मागे ओढला तर तो आडवा गेला. आपण कुठल्या दिशेला तोंड करून आहोत हेच त्याला कळत नव्हतं. दोनदा कड्याच्या हातभर अंतरावरून गेला. तिसऱ्या फेरीत वळणामागे नाहीसा झाला आणि सिग्नल तुटू लागला. मी त्याला काय सांगून ठेवलं होतं? सिग्नल तुटला तर आहेस तिथे थांब.

"इक्बाल!" गाडीतून चाचा किंचाळले. "बाई हाय रे! म्हातारी बाई हाय खाली!"

मी टॅबलेटकडे धावलो. अडखळत्या चित्रात काळा बुरखा, वर वळलेला सुरकुतलेला चेहरा, पदर ओढणारा एक हात. मग एक काठी वर आली आणि चित्र बंद पडलं.

अबू नायेफ दरीत धावत सुटला आणि त्याच्यामागे डॉक्टर. मी रिमोट हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. त्या पाच-दहा मिनिटांत मला नोकरी आठवली नाही, परवाना आठवला नाही. म्हातारीच्या डोळ्यात पातं गेलं असेल तर, एवढंच डोक्यात होतं. हातातला फोन ठेवायला म्हणून मी खाली वाकलो, तर फोनच्या कव्हरचं चुंबक खट्कन त्या थाळीला चिकटलं. थाळी लोखंडी होती. होकायंत्र लोखंडावर ठेवून मी ड्रोन उडवला होता, आणि त्याने सांगितलेलं बोटाने झटकून टाकलं होतं. यार्डावर मोकळं आकाश असतं, तिथे उपग्रह ही चूक सावरून घेतात; दरीत सावरायला कुणी नव्हतं. डॉक्टरांवर, त्या लखनौच्या पोरावर, साऱ्या जगावर दोन दिवस केलेला संताप माझ्याच तोंडावर येऊन आदळला.

मग दरीतून हाक आली. "दर्ब! दर्ब!" बाईचा आवाज, खणखणीत.

गाढवावर बसून म्हातारी येत होती. मांडीवर मोडका ड्रोन, हातात काठी, तर्जनीला डॉक्टरांनी बांधलेला रुमाल. तिने काठीने तो पाडला होता आणि उचलताना फिरतं पातं बोटाला लागलं होतं. जखम वरवरची होती, हे डॉक्टरांनी मला दुरूनच ओरडून सांगितलं. ती माझ्यासमोर थांबली.

"तूच का?"

मी मान खाली घातली.

"कुत्रा येतो तो भुंकतो. माणूस येतो तो दर्ब म्हणतो. तू डोक्यावर येऊन उभा राहतोस आणि बघतोस! तुझी आई अशी बसली असती तर?"

मी माफी मागितली. अरबीत येत होती तेवढी मागितली, मग मराठीत मागितली. ड्रोनमधून चित्रांचं कार्ड काढलं, दगडावर ठेवलं आणि दुसऱ्या दगडाने ठेचलं.

"परकार, त्यात झऱ्याचा..." डॉक्टर बोलू लागले, पण तोवर कार्डाचा भुगा झाला होता.

अबू नायेफने तुकडे उचलून डब्यात टाकले. त्याला दिलेला शब्द मी मोडला होता. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

म्हातारीने काठी गाडीकडे वळवली. "तो कोण, जो उतरून सलामही करत नाही?"

चाचांनी खिडकीतून घाईघाईने सलाम केला. एकतीस वर्षांत त्यांची अरबी माझ्यापेक्षा कितीतरी चांगली झालेली. त्यांनी स्वतःच सांगितलं, गुडघे गेलेत, ऐन बघायला आलो होतो, आठवड्याने मुलुखाला जातोय.

"माझेही गुडघे गेलेत," म्हातारी म्हणाली. "मी कशी जाते आत?" मग माझ्याकडे वळून, "एवढं मोठं यंत्र आणलंस. गाढव आहे का, हे विचारलंस?"

नव्हतं विचारलं. रियाधहून निघून दोन दिवस गाडी हाकली, कागद काढला, यादी वाचली. ज्याच्याबरोबर बसून तीन पेले कॉफी प्यालो, त्याला एवढं विचारलं नाही की बाबा, या म्हाताऱ्याला आत न्यायची काही सोय आहे का? यंत्र हातात असलं की माणसाला माणूस दिसत नाही. यार्डात मी हे दुसऱ्यांना सुनावत आलो होतो.

म्हातारी गाढवावरून उतरून पिकअपच्या सावलीत बसली. आम्ही चाचांना धरून बाहेर काढलं.

"गाढवावर?" चाचा थबकले. "अरे, आपल्याकडं गाढवावर कोनाला बसवतात म्हाइती हाय ना? धिंड काढायची असल तर! आन् आज धिंड काढायचीच तर ह्याची काढा. मना का बसवताव?"

डॉक्टर दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले, आणि मीही हसलो. तसे चाचा बसले. अबू नायेफने दोरी धरली, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने डॉक्टर गुडघ्याखाली हात देऊन. वाटेत ओहळ तीनदा ओलांडावा लागला. बोरूचं गवत कानाशी सळसळत होतं, आणि कडे इतके जवळ आले की ऊन वरच्या वरच राहिलं. वळणाच्या अलीकडे अबू नायेफ थांबला आणि त्याने चाचांकडे पाहिलं. चाचांना कळलं. त्यांनी छाती भरून घेतली आणि आरोळी दिली.

"दर्ब! दर्ब!"

दोन्ही कड्यांनी ती परत दिली. आत आता कुणीही नव्हतं, पण आम्ही थांबलो. मग पुढे गेलो.

झरा कड्याच्या पायथ्याशी होता. वर दगडाच्या भेगेतून खजुरी आडव्या बाहेर आलेल्या, त्यांच्या मुळांवरून पाणी ठिबकत खालच्या खळग्यात पडत होतं. डॉक्टरांनी चाचांचे मोजे काढले आणि त्यांचे सुजलेले पाय पाण्यात सोडले. चाचा ओंजळभर पाणी प्याले, त्यांनी तोंडावरून हात फिरवला, आणि ते रडू लागले. आम्ही त्यांना रडू दिलं. अबू नायेफ पाठ वळवून गाढवाच्या मानेवरची गोमाशी हाकत राहिला.

"येकतीस वर्सं," चाचा डोळे पुसून म्हणाले, "पंपावर नुसता होरन मारला रे इक्बाल. आत येऊन हाक कदी मारली नाय. मारली असती तर कोनीतरी नेलाच असता."

मी तेवढ्यात वळणापलीकडे जाऊन पात्यांचे तुकडे शोधले. चारांपैकी साडेतीन पाती मिळाली. उरलेल्या तुकड्यासाठी मी गुडघ्यांवर रांगत गवत चाळलं आणि तो सापडल्यावरच उठलो.

निघताना डॉक्टरांनी म्हातारीचं बोट पुन्हा धुवून नीट बांधलं आणि हुफूफच्या खजुराचा डबा पुढे केला. तिने एक उचलून चाखला, आपल्या खजुराइतका गोड नाही म्हणाली, आणि डबा ठेवून घेतला. अबू नायेफने हात मिळवला तेव्हा मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी यंत्राशिवाय येईन.

"ये," तो म्हणाला. "आणि नाव कुणाला सांगू नकोस."

तो शब्द मी पाळतो आहे. परतीच्या वाटेवर डॉक्टर हाइलपर्यंत एकदाही मागून बोलले नाहीत. रियाधला पोहोचल्यावर माझा अहवाल मीच लिहिला, जे झालं ते जसंच्या तसं, आणि परवान्यासकट वर पाठवून दिला. पुढे काय होईल ते होईल. सहकारी म्हणतात, "अहो, सांगितलंत कशाला? दरीत कोण बघत होतं?" हे ऐकलं की अजूनही माझ्या कपाळाची शीर उडते. एक म्हातारी बघत होती! ती कुणीच नाही का?

आठवड्याने चाचांना विमानतळावर सोडायला गेलो. त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवलं होतं. ईदची सुट्टी संपवून आलेल्यांची आणि निघालेल्यांची ही गर्दी, ट्रॉल्या आडव्या, मुलं सामानावर झोपलेली, कुणी बाजूला सरायला तयार नाही. खुर्ची ढकलणारा वैतागला होता, मी तर केव्हाचाच भडकलेलो. एकाला दरडावणार इतक्यात चाचांनी माझा हात दाबला आणि मान ताठ करून आरोळी दिली.

"दर्ब! दर्ब!"

आसपासच्या अरबांनी चमकून मागे पाहिलं, हसले आणि दोन्ही बाजूंना सरले. बायकांनी मुलं जवळ ओढली. मधोमध सरळ वाट झाली, आणि दाऊदचाचा तिच्यातून मागे वळून न पाहता आत गेले. मी खिशातली यादी काढली आणि भिंतीला टेकवून, पहिल्या ओळीच्याही वर, प्लॅस्टिकवरच मार्करने एक ओळ लिहिली: आधी हाक द्या, मग थांबा.